ग्रहणमध्याचेच फोटो धूसर का येतात?

सूर्यग्रहण होऊन गेलं की एक तक्रार हमखास कानावर येते. स्पर्शाच्या, म्हणजे ग्रहण सुरू होतानाच्या, वेळचे फोटो स्वच्छ, कड रेखीव, सौरडाग मोजता येतील असे. आणि तासा-सव्वा तासाने, ज्यासाठी एवढा प्रवास केला त्या मध्याच्या वेळी, सगळं मऊ पडलेलं. २६ डिसेंबर २०१९ला कंकण बघायला कन्नूर-कोइम्बतूरकडे गेलेल्या कित्येकांचं हेच दुखणं होतं. २५ ऑक्टोबर २०२२ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातून ग्रस्तास्त ग्रहण, म्हणजे सुटण्याआधीच सूर्य मावळतो असं, दिसलं. तेव्हाही तेच.

अशा वेळी पहिला संशय लेन्सवर जातो. माणसं महागडी लेन्स घेतात आणि पुढच्या ग्रहणाला पुन्हा तसेच फोटो घेऊन येतात. माझ्या मते यामागे एक सल्ला आहे, जो सगळीकडे दिला जातो: ‘फोकस एकदा नीट लावा, रिंगवर चिकटपट्टी लावा आणि नंतर हात लावू नका.’ रात्रीच्या आकाशाला हा सल्ला बराचसा चालतो. सूर्याखाली दोन-अडीच तास तापणाऱ्या नळीला तो चालत नाही. सूर्याचा फोकस ग्रहणभर राखावा लागतो. पण फोकसकडे वळण्याआधी दोष खरंच तिथे आहे का, हे तपासायला हवं, कारण धूसरपणाची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

त्याआधी एक गोष्ट, जिच्यात तडजोड नाही. सौरफिल्टर लेन्सच्या पुढच्या तोंडावर बसवायचा, मागच्या बाजूला किंवा आयपीसवर नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, जुनी फ्लॉपी, एकावर एक चढवलेले साधे एनडी (प्रकाश कमी करणारे) फिल्टर यांतलं काहीही चालणार नाही. डोळ्याला अंधार वाटला तरी अवरक्त किरण त्यांतून पार होऊ शकतात आणि डोळ्याच्या पडद्याला इजा होताना दुखतसुद्धा नाही. फिल्टरशिवाय डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्य बघणं म्हणजे दुर्बिणीतून थेट सूर्य बघणं.

दोष ओळखायची पद्धत

ग्रहणाची वाट बघू नका. सूर्य रोज उगवतो, त्यामुळे ही चाचणी कुठल्याही निरभ्र दिवशी होते. फिल्टर लावा, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा आणि काहीही न बदलता वीस फोटो ओळीने काढा. मग ते कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून एकापाठोपाठ एक बघा.

वीसच्या वीस फोटो सारखेच मऊ असतील, सगळ्या बाजूंनी सारखे, तर फोकस चुकलेला आहे. काही फोटो चांगले आणि काही वाईट असतील, कड पाण्याखालून दिसल्यासारखी वाकडीतिकडी होत असेल आणि प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी वाकत असेल, तर दोष हवेचा. एकाच दिशेला दुहेरी कड दिसत असेल, एका डागाचे दोन डाग झाले असतील, तर कॅमेरा हादरतोय. आणि शटर जितका वेळ उघडा तितका फराटा लांब होत असेल, तर सूर्य सरकतोय. एखाद्या फोटोत यांतल्या दोन खुणा एकत्रही सापडतात. अशा वेळी जी ठळक आहे तिच्यावर आधी काम करा. ती गेली की दुसरी आपोआप स्पष्ट होते.

एक फसवा धूसरपणाही असतो. त्यात फोकस बरोबर असतो, हवा शांत असते, पण प्रकाश जास्त झालेला असतो. ऑटो एक्स्पोजरवर ठेवलेला कॅमेरा चौकटीतलं काळं आकाश मोजतो आणि सूर्याची पांढरी टिकली करून टाकतो. मग डाग जातात, कडेकडचा नैसर्गिक काळवंडलेपणा जातो आणि फोटो मऊ वाटतो. मॅन्युअल मोडवर या. एक लाखावा भाग प्रकाश सोडणाऱ्या, म्हणजे एनडी ५च्या फिल्टरला आयएसओ १०० आणि एफ/८वर १/४०० सेकंदाच्या आसपास सुरुवात करा, हिस्टोग्राम बघून वरखाली करा. पातळ ढग आला तर दोन-तीन स्टॉप वाढवावे लागतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). २२ जुलै २००९चं खग्रास ग्रहण सुरत, इंदूर, भोपाळ, पाटण्यावरून गेलं ते ऐन पावसाळ्यात. अशा आकाशात दर मिनिटाला एक्स्पोजर बदलायची तयारी ठेवावी लागते.

याच्या उलट टोकाला, सूर्य प्रखर म्हणून काही जण छिद्र एफ/२२पर्यंत लहान करतात. त्याने प्रकाश कमी होतो, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रत्येक बिंदूची सुमारे ३० मायक्रॉनची थाळी होते. ६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ती पाच पिक्सेल व्यापते. सगळे फोटो सारखेच मऊ आणि फोकस काही केल्या सुधारत नसेल, तर हे आधी तपासा. एफ/८ किंवा एफ/११च्या पुढे जाऊ नका.

फोकस: लावायचा कसा आणि राखायचा कसा

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. बहुतेक लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात, तापमान बदललं तरी फोकसला वाव राहावा म्हणूनच. ऑटोफोकस बंद करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये सूर्य दहापट मोठा करून सौरडागावर फोकस लावा. डागाचा गडद गाभा आणि भोवतीची फिकट किनार वेगवेगळी दिसेपर्यंत रिंग फिरवा, मुद्दाम थोडी पुढे न्या, पुन्हा मागे आणा. सूर्याच्या कडेवर फोकस लावणं त्यामानाने अवघड, कारण थाळी कडेकडे मुळातच काळवंडत जाते आणि हवेने तीच सगळ्यांत आधी थरथरते. सूर्यावर डाग नसतील, आणि सौरचक्राच्या मंदीच्या वर्षांत असे दिवस बरेच असतात, तर स्पर्शानंतर चंद्राने खाल्लेल्या भागाची दोन टोकं वापरा. ती अणकुचीदार दिसली की फोकस बरोबर. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून अंदाजाने काम उरकलं जातं, त्यासाठी जाड काळं कापड डोक्यावरून कॅमेऱ्यापर्यंत ओढून घ्या. आणि लाइव्ह व्ह्यूमधलं चित्र पांढरं पडलेलं असेल तर आधी एक्स्पोजर कमी करा. पांढऱ्या टिकलीवर फोकस लागत नाही.

आता तो लावलेला फोकस सुटतो कसा, ते बघू. एफ/८वर सेन्सर अचूक प्रतलापासून साधारण ०.०५ ते ०.०७ मिमी मागेपुढे असेल तर फोटोत फरक कळत नाही. तेवढीच काय ती सूट. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला, मीटरमागे २३ मायक्रॉन प्रसरण पावतं. अर्ध्या मीटरची नळी दहा अंशांनी तापली की ती ०.११ मिमीपेक्षा जास्त वाढते, म्हणजे आपल्या सुटीच्या दीडपट ते दुप्पट. काळी नळी भर उन्हात दहा अंशांनी तापायला फार वेळ लागत नाही. काचेच्या भिंगांवर होणारा परिणाम वेगळाच. तुम्ही रिंगला हातही लावलेला नाही, चिकटपट्टी जागच्या जागी आहे, आणि फोकस गेलेला आहे.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. सूर्य निम्म्याहून जास्त झाकला गेला की ऊन उतरू लागतं आणि नळी पुन्हा थंड व्हायला लागते. खग्रास ग्रहणात शेवटच्या वीस मिनिटांत हवेचं तापमान कित्येकदा काही अंशांनी खाली येतं. म्हणजे फोकस आधी एका दिशेला जातो आणि नेमका मध्याच्या सुमारास उलट फिरतो. स्पर्शाला लावलेला फोकस मध्यापर्यंत टिकेल असं धरून चालणारा इथेच फसतो.

उपाय साधे आहेत, फक्त ते वेळापत्रकात लिहून ठेवावे लागतात. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड स्पर्शाच्या किमान तासभर आधी बाहेर ठेवा, म्हणजे एसी गाडीतला किंवा हॉटेलच्या खोलीतला गारवा निघून जाईल. फोटो काढत नसाल त्या वेळी लेन्सवर पांढरा पंचा किंवा छत्री धरा. नळी सावलीत राहिली तर अर्धं काम झालं. चिकटपट्टी लावायला हरकत नाही, धक्का लागून रिंग फिरू नये म्हणून तिचा उपयोग आहे. पण सहज निघणारी कागदी पट्टी वापरा आणि दर पंधरा मिनिटांनी ती काढून फोकस पुन्हा तपासा. खग्रास असेल तर शेवटची तपासणी खग्रासाच्या पाच ते दहा मिनिटं आधी, कोरीच्या, म्हणजे उरलेल्या चंद्रकोरीसारख्या सूर्याच्या, टोकांवर. ही एक तपासणी चुकवू नका, बाकीच्या राहिल्या तरी चालतील. वर आकाशाकडे वळवलेल्या झूम लेन्सची नळी स्वतःच्या वजनाने खाली घसरते, आणि झूम हलला की फोकसही गेला. झूम रिंगलाही पट्टी हवी.

हवा

दुसरा मोठा शत्रू हवा आहे, आणि त्याला आपण स्वतः निमंत्रण देतो. शहरात निरीक्षणाची जागा म्हटलं की गच्ची. पण सिमेंटची गच्ची सकाळी नऊनंतर तापायला लागते आणि तिच्यावरून उठणारी गरम हवा थेट लेन्सच्या समोरून जाते. शेजारच्या इमारतीचे पत्रे, एसीची बाहेरची युनिटं, उन्हात लावलेल्या गाड्या यांच्यावरूनही तेच. गवत असलेलं मैदान किंवा तलावाचा काठ मिळाला तर गच्ची सोडून द्या. खोलीत बसून खिडकीतून फोटो काढणं सगळ्यांत वाईट, कारण आतली आणि बाहेरची हवा खिडकीपाशीच मिसळते. काच बंद असेल तर तिचा दोष आणखी वर.

सूर्य क्षितिजाजवळ असेल तर जागा बदलूनही फार फरक पडत नाही, कारण प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून येतो. २०२२च्या ग्रस्तास्ताचे फोटो थरथरते आणि सूर्य चपटा दिसत होता, त्यात लेन्सचा काही दोष नव्हता. खालची कड वरच्या कडेपेक्षा अपवर्तनाने जास्त उचलली जाते, म्हणून बिंब दबल्यासारखं दिसतं. असा फोटो खरा आहे, तो सॉफ्टवेअरने गोल करू नका. लाल, मंद सूर्य बघून फिल्टर काढायचा मोह होतो, तोही टाळा.

हवेवर उपाय एकच: भरपूर फोटो. एका झपाट्यात तीस-चाळीस काढा. त्यांत दोन-चार क्षण हवा थांबलेली सापडते. तेवढेच ठेवा. हाताशी सॉफ्टवेअर असेल तर चांगले फोटो एकावर एक रचून आणखी बारकावे निघतात.

हादरा आणि सरकणं

हादऱ्यावर फार लिहायची गरज नाही. रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा, आरसा आधी वर करा, इलेक्ट्रॉनिक पहिल्या पडद्याची सोय असेल तर चालू करा, ट्रायपॉडचा मधला दांडा खाली ठेवा, ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. वजन म्हणून पिशवी टांगलीत तर ती जमिनीला टेकलेली हवी. वाऱ्यात झुलणारी पिशवी हादरा वाढवते. गच्चीवर मुलं धावली की स्लॅब हलतो, हे मात्र हमखास विसरलं जातं.

सरकण्याचं गणित एकदा समजून घेतलं की पुन्हा लागत नाही. सूर्य आकाशात दर सेकंदाला साधारण १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो, म्हणजे दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा. ५०० मिमी लेन्स आणि ६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एक पिक्सेल सुमारे २.५ विकलांचा. म्हणजे शटर १/६ सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडा राहिला तर फराटा दिसायला लागेल. १/४००ने काढलेल्या खंडग्रासाच्या फोटोंत सरकण्याचा प्रश्नच येत नाही. तो येतो खग्रासात, करोनाच्या, म्हणजे सूर्याभोवतीच्या फिकट प्रभामंडळाच्या, बाहेरच्या पिसाऱ्यासाठी एक-दोन सेकंद शटर उघडा ठेवताना. त्यावेळी ट्रॅकर वापरा, नाहीतर आयएसओ ४०० किंवा ८००वर नेऊन वेळ कमी करा.

फिल्टरचे दोष

सौरफिल्म चौकटीत ताणून बसवू नका. सुरकुत्या दिसल्या तरी चित्र बिघडत नाही, ताण पडला की बिघडतं. पुष्कळ जण हौसेने ती ढोलाच्या चामड्यासारखी घट्ट बसवतात आणि मग सूर्य मऊ आला म्हणून फिल्मला दोष देतात. वेल्डिंगची १४ नंबरची काच डोळ्यांनी बघायला चालते, पण लेन्ससमोर तिच्या पृष्ठभागाचा असमानपणा उघडा पडतो. सूर्याची हिरवट, दुहेरी प्रतिमा आली तर ती काच काढा. आधीपासून लावलेला यूव्ही फिल्टरही काढा. दोन काचांमधल्या परावर्तनाने चौकटीत दुसरा, फिकट सूर्य उमटतो. एनडी ३.८ची पातळ फिल्म फक्त फोटोंसाठी असते. ती लावून व्ह्यूफाइंडरमधून डोळ्यांनी बघू नका.

खग्रासाच्या मोजक्या मिनिटांत

कंकणाकृती ग्रहणात फिल्टर शेवटपर्यंत राहतो. खग्रासात तो खग्रासापूर्वी वीस-तीस सेकंद आधी काढायचा आणि हिऱ्याची अंगठी पुन्हा चमकली की लगेच लावायचा. फोटो पूर्ण काळे आले तर कारण बहुतेक वेळा तेच, फिल्टर काढायचा राहिला. म्हणून फिल्टर आटे फिरवून निघणारा नको, अलगद ओढून निघणारा हवा, आणि तो ओढताना फोकस रिंगला बोट लागत नाही ना, याचा घरी सराव करा.

करोनाला एकच बरोबर एक्स्पोजर नसतं. आयएसओ १०० आणि एफ/८ धरलं तर बेलीच्या मण्यांना (चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांतून डोकावणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यांना) १/३२०० सेकंद, सौरज्वालांना १/८०० आणि सूर्याच्या कडेलगतच्या करोनाला १/२०० चालतं. सूर्याच्या एका त्रिज्येएवढ्या अंतरावरच्या करोनाला १/३ सेकंद लागतो. म्हणून कॅमेऱ्याला एकापाठोपाठ वेगवेगळे शटर देण्याचा क्रम आधीच भरून ठेवा. ८ एप्रिल २०२४ला अमेरिकेत खग्रास दिसलं तेव्हा सूर्याच्या खालच्या कडेची गुलाबी ज्वाला नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती. ज्यांनी फक्त लांब एक्स्पोजर घेतले त्यांच्या फोटोंत ती पांढऱ्या करोनात बुडून गेली. क्रम चालू केल्यावर मात्र कॅमेऱ्याकडे पाठ करा आणि डोळ्यांनी बघा. खग्रासाचा काळ फार थोडा असतो आणि तो स्क्रीनवर घालवणं मला मनापासून खटकतं.

फोनवाल्यांसाठी वेगळं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात सूर्य जेमतेम पन्नास-साठ पिक्सेलांचा असतो, त्यातून कितीही मोठा केला तरी बारकावे येत नाहीत. खंडग्रासाच्या वेळी एखाद्या दाट झाडाखाली जा. पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी पडलेल्या असतात. त्यांचा फोटो फोनने उत्तम येतो आणि फिल्टरही लागत नाही.

युती, अधिक्रमण, चंद्रग्रहण

हीच पद्धत आकाशातल्या इतर दुर्मीळ जुळण्यांनाही लागू पडते, फक्त मुख्य दोषी बदलतो. २१ डिसेंबर २०२०ला गुरू आणि शनी एकमेकांपासून जेमतेम ६ कलांवर (एक कला म्हणजे ६० विकला) आले. ती युती संध्याकाळी पश्चिमेला, खाली होती, त्यामुळे तिथे हवाच आडवी आली. गुरूचे चंद्र टिपक्यांसारखे बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवणं हा तिथला फोकसचा मार्ग. ७ सप्टेंबर २०२५च्या चंद्रग्रहणात खग्रास अवस्था ८२ मिनिटांची होती. चंद्रग्रहणाला फिल्टर लागत नाही, पण लालसर चंद्र पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा हजारो पटींनी मंद असू शकतो, म्हणून शटर सेकंदांवर जातो आणि सरकण्याचा फराटा येतो. त्या मंद चंद्रावर फोकस लावायची धडपड करू नका. चंद्राशेजारचा एखादा तारा मोठा करून त्यावर लावा.

बुधाचं पुढचं अधिक्रमण, म्हणजे सूर्याच्या थाळीवरून त्याचं सरकणं, १३ नोव्हेंबर २०३२ला आहे आणि ते भारतातून दिसेल. बुधाचा ठिपका तेव्हा सुमारे १० विकलांचा असेल, म्हणजे ५०० मिमी लेन्सवर चार पिक्सेल. फोकस जरा जरी ढळला तरी तो ठिपका सूर्याच्या थाळीत विरून जाईल.

लक्सरला जाणाऱ्यांसाठी

२ ऑगस्ट २०२७च्या खग्रासासाठी अनेक मराठी मंडळी इजिप्तचे बेत आखत आहेत. महाराष्ट्रातून ते खंडग्रास आहे आणि तेही ऐन पावसाळ्यात, तेव्हा बेत समजण्यासारखा आहे. लक्सरजवळ खग्रास सहा मिनिटांहून जास्त चालतं. पण तिथे दोन अडचणी एकत्र येतात. ऑगस्टची दुपार, त्यामुळे वर सांगितलेली नळी तापण्याची सगळी कथा टोकाला जाणार. आणि सूर्य जवळजवळ ८२ अंशांवर, डोक्यावर. साध्या ट्रायपॉडवर लांब लेन्स इतकी उभी केली की ती पायांना आपटते, स्क्रीन जमिनीकडे वळते आणि वजनाने बॉलहेड हळूहळू घसरतं. वळणारी स्क्रीन किंवा बाहेरचा छोटा मॉनिटर, आणि उभ्या कोनाला तोल धरणारं हेड याची सोय आधीच हवी. १२ ऑगस्ट २०२६चं स्पेनमधलं खग्रास याच्या अगदी उलट, सूर्यास्ताआधी क्षितिजालगतचं, म्हणून तिथे मुख्य दोषी हवा.

लक्सरची रंगीत तालीम महाराष्ट्रातच करता येते. शून्य सावलीच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यात, आपल्याकडे दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि विदर्भ-मराठवाड्यातलं ऊनही इजिप्तची कल्पना देईल असंच असतं. एखाद्या दुपारी अकरा ते दीड पूर्ण संच उभा करा. सुरुवातीला सौरडागावर फोकस लावून रिंगवर पेन्सिलने खूण करा, मग दर पंधरा मिनिटांनी रिंगला हात न लावता एक फोटो काढा आणि वहीत वेळ आणि तापमान लिहा. त्यानंतर फोकस दुरुस्त करून रिंग खुणेपासून कोणत्या दिशेला किती फिरवावी लागली तेही नोंदवा आणि पुढच्या पंधरा मिनिटांसाठी ती तिथेच ठेवा. मधला अर्धा तास लेन्सवर पांढरा पंचा टाकून बघा, म्हणजे सावलीने किती फरक पडतो तेही वहीत येईल.